चोविसावा हिस्सा

मोटारगाडी विकत घेतलेले लोक माझ्या ओळखींत पुष्कळ आहेत. परंतु मोटारगाडी स्वतःच्या हातानें बांधलेला मनुष्य त्यांच्यांत मी एकटाच आहें. ती पांच इंच लांब आहे, हा तपशील मात्र मी जरा मागाहून सांगतों. तोंवर ऐकणाराच्या मुद्रेवर जो आदर उमटलेला असतो त्याचा क्षणभर उपभोग घेतला, तर त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं.

प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून जुन्या नामांकित मोटारींच्या प्रतिकृति तयार करण्याचा हा नाद जगांत अनेकांना आहे, आणि सेवानिवृत्तीनंतर तो मलाही जडला. पेटी उघडली कीं पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकच्या चार-सहा चौकटी बाहेर येतात. डहाळीला कैऱ्या लटकाव्या तसे गाडीचे सारे अवयव—चाकें, आसनें, बंपर, स्टीअरिंग—त्या चौकटींना इवल्याशा देठांनीं लटकलेले असतात. ते एकामागून एक कापून घ्यायचे, देठाची खूण घांसून नाहींशी करायची, रंग द्यायचा आणि एकमेकांना जोडायचे. वर्णन ऐकून हें पोरांच्या एका रविवारचें काम वाटतें. मला एका गाडीला तीन महिने लागतात, आणि त्या तीन महिन्यांत जेवणाचें मेज अर्धें माझ्या ताब्यांत असतें. या राज्यविस्ताराविषयीं घरांत जें मत आहे तें येथें नोंदवण्याचें कारण नाहीं.

अशा गाड्या बहुधा खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शानें केलेल्या असतात. चोवीस हा आंकडा प्रथम चमत्कारिक वाटतो. पण फूटपट्टी हातांत घेतली म्हणजे त्याची सोय कळते. खऱ्या गाडीचा एक फूट तो प्रतिकृतीचा अर्धा इंच. माझ्या मेजावर सध्यां जी उभी राहत आहे ती इंग्लंडची मिनी, आणि खऱ्या मिनीची लांबी दहा फूट. म्हणून माझी पांच इंच. खरीचीं चाकें दहा इंचांचीं. माझ्या चाकाची तबकडी एका सेंटिमीटरच्या किंचित् पुढें जाते.

मिनीची निवड मीं मुद्दामच केली. १९५६ सालीं सुएझ कालव्याचा पेंच निर्माण झाला आणि इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई पडली, तेव्हां ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनीं थोड्या इंधनांत चालणारी छोटी गाडी काढण्याचें काम अलेक इसिगोनिस यांच्यावर सोंपवलें. हे इसिगोनिस १९०६ सालीं स्मर्ना बंदरांत जन्मलेले आणि १९२२ च्या धामधुमींत आईवडिलांबरोबर तें शहर सोडून बाहेर पडलेले. कागदावर मोकळ्या हातानें रेखाटनें करीत करीत विचार करण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं त्यांची गाडी लोकांपुढें आली. इंजिन आडवें घातलेलें, गिअरपेटी त्याच्याच पोटाखालीं त्याच तेलांत बसवलेली, स्प्रिंगांच्या जागीं अलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकु, आणि चाकें इतकीं लहान कीं आंत बसणाराची जागा तीं खात नसत. गाडीच्या एकंदर तळजागेपैकीं ८० टक्के जागा माणसें आणि त्यांचें सामान यांच्या वाट्याला आली.

मला यांत मौज वाटते ती अशी. गाडी लहान करण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठ्या गाडीला सरळ भागणें. पण तसें केलें तर तींत माणसेंही भागून बसवावीं लागतात. इसिगोनिस यांनीं माणसांना भागलें नाहीं. सहा फुटी इंग्रज त्यांनीं जसाच्या तसा ठेवला, आणि त्याच्या भोंवतालचें जें जें हटवतां येईल तें तें हटवलें. त्याच गाडीला सरसकट चोविसानें भागायला मी बसलों आहें, आणि हा भागाकार कोठें कोठें लागूच पडत नाहीं, तें माझें मेज मला रोज दाखवीत असतें.

पत्र्याचेंच पाहा. खऱ्या गाडीचा पत्रा एका मिलिमीटरहून पातळ. त्याचा चोविसावा हिस्सा म्हणजे पतंगाच्या कागदाएवढी जाडी. इतकें पातळ प्लॅस्टिक सांच्यांत ओततां येत नाहीं. माझ्या गाडीचें कवच चांगलें मिलिमीटरभर जाड आहे. ती पुन्हां चोवीसपट मोठी केली तर तिचा पत्रा जवळजवळ इंचाचा होईल, आणि तिला मिनी न म्हणतां रणगाडा म्हणावें लागेल. म्हणून चाकांवरच्या कमानींच्या कडा आंतल्या बाजूनें तासून पातळ कराव्या लागतात. बाकीची जाडी कोणाला दिसत नाहीं. नजर जाते ती कडेवर.

रंगाचेंही तसेंच. मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरतात. तेवढाच रंग माझ्या गाडीवर बसला तर तो खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरांचा गिलावा केल्यासारखा होईल. दारांच्या फटी बुजतील, आणि पृष्ठभाग मोसंब्याच्या सालीसारखा दिसूं लागेल. तेव्हां रंग पातळ करून फवाऱ्यानें उडवायचा, वाळूं द्यायचा, पॉलिश कागद पाण्यांत भिजवून हलक्या हातानें फिरवायचा, आणि पुन्हां उडवायचा. वजनाची गंमत याहून निराळी. लांबी चोविसानें कमी होते, परंतु वजनाला तोच भागाकार तीनदां लागतो. चोवीस गुणिलें चोवीस गुणिलें चोवीस म्हणजे १३,८२४. खरी मिनी ६०० किलोंच्या सुमाराची. या हिशेबानें माझी ४३ ग्रॅमांची, म्हणजे दोन पेढ्यांएवढी असायला हवी.

आणि सूर्यप्रकाशाला तर कोणी भागूंच शकत नाहीं. शर्यतीच्या मिनी तांबड्या अंगाच्या आणि पांढऱ्या छपराच्या असत. तो तांबडा रंग डब्यांतून काढून जसाच्या तसा लावला तर पांच इंचांच्या गाडीवर तो डोळ्यांत खुपतो आणि सारें काम जत्रेंतल्या खेळण्यासारखें दिसतें. मोठी वस्तु आपण दुरून पाहतों, मधली हवा तिचा रंग थोडा मवाळ करते. म्हणून तांबड्यांत पांढऱ्याचे दोन-चार थेंब घालायचे. रंग खोटा करायचा, म्हणजे तो खरा दिसतो. किती थेंब हें मात्र पेटींतल्या माहितीपत्रकांत सांपडत नाहीं. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर रंग लावून ते गॅलरींत सकाळच्या उन्हांत ठेवतों आणि चहाचा पेला हातांत घेऊन दूर उभा राहतों.

पण मिनीचें खरें मर्म तिच्या शिवणींत आहे, आणि तिच्यासाठींच हा लेख लिहावासा वाटला असें म्हटलें तरी चालेल.

प्लॅस्टिकचा भाग ज्या पोलादी सांच्यांत तयार होतो त्याचे दोन किंवा अधिक तुकडे असतात. वितळलेलें प्लॅस्टिक मोठ्या दाबानें आंत शिरतें, थंड होतें, तुकडे बाजूला होतात, आणि ते जेथें एकमेकांना भिडलेले होते तेथें भागाच्या अंगावर केसासारखी बारीक, उंचट रेघ राहते. मडगार्डावरून, छपराच्या कडेवरून, बंपराच्या मधून, ती कोठूनही धांवते. खऱ्या गाडीवर ती नसते. तेव्हां पेटी उघडल्यावर पहिला संस्कार म्हणजे सारे भाग साबणाच्या पाण्यांत धुणें, आणि दुसरा म्हणजे ही रेघ घांसून नाहींशी करणें. कोठें खळगा राहिलाच तर मोटारी रंगवणारे लोक ज्याला लांबी म्हणतात ती भरायची, वाळूं द्यायची, आणि पुन्हां घांसायचें. बोट फिरवून कांहीं लागेनासें झालें म्हणजे काम झालें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांपेक्षां बोटावर भिस्त ठेवलेली बरी, असा माझा अनुभव आहे.

सर्व गाड्यांना हा नियम लागू. मिनी मात्र आडवी येते. तिच्या खऱ्या देहालाच शिवणी आहेत. इतर गाड्यांत पत्र्याच्या दोन तुकड्यांच्या दुमडलेल्या कडा आंतल्या बाजूस लपवतात. मिनींत त्या बाहेर वळवून जोडलेल्या आहेत. पुढच्या मडगार्डामागें, दाराच्या अलीकडे, एक उभी कड. मागच्या कोपऱ्यावर तशीच दुसरी. दोन्ही बाजूंच्या मिळून चार. जोड बाहेरून दिला कीं वेल्डिंगच्या चिमट्याला आंत शिरावें लागत नाहीं, काम लवकर उरकतें, खर्च वांचतो. शिवाय जेथें बोटभर जागेसाठीं एवढी झटापट, तेथें आंत कडांना जागा देणार कोण? (एवढें करूनही पहिल्या वर्षींच्या गाड्यांत पावसाचें पाणी तळांतून शिरे आणि बसणारांचे पाय भिजत, हाही इतिहास आहे.)

आतां कारागिराची अडचण पाहा. सांच्याची रेघ खोटी, ती घालवायची. गाडीची शिवण खरी, ती राखायची. आणि या दोघी कांहीं ठिकाणीं एकमेकींपासून दोन मिलिमीटरांवरून जातात. एक घांसतांना दुसरीला धक्का लागला कीं गाडी गुळगुळीत होते, देखणी होते, आणि मिनी राहत नाहीं. मी खऱ्या शिवणीवर चिकटपट्टी लावून तिला झांकून ठेवतों, पॉलिश कागदाची चिंचोळी घडी करतों, आणि सांच्याची रेघ तेवढी उतरवतों. दोन संध्याकाळ यांत जातात. त्या दोन संध्याकाळीं मी कोणाचा फोन घेत नाहीं.

आमच्या शेजारीं एक निवृत्त इंजिनीयर राहतात. त्यांची उभी हयात एका कारखान्यांत गेली. अस्तराचा करडा रंग चढवून मीं गाडी वाळत ठेवली होती, ती त्यांनीं चष्मा कपाळावर सारून निरखली.

"आरशासारखी केलीत हो! पण ह्या कोपऱ्यांवरच्या कडा तेवढ्या कशा राहिल्या? घांसायच्या होत्या ना?"

मीं त्यांना खऱ्या मिनीचीं छायाचित्रें दाखवलीं. त्यांनीं तीं बराच वेळ पाहिलीं.

"अस्सं. बाहेरून मारलेत टांके. स्वस्तांत काम." मग थोडें थांबून म्हणाले, "आमच्याकडे हें कुणीं केलं असतं तर साहेबांनीं परत पाठवलं असतं."

त्यानंतर ते दर दोन दिवसांनीं येऊं लागले आहेत. गाडी हातांत घेत नाहींत; खुर्ची ओढून बसतात आणि पाहतात.

या छंदांतल्या बऱ्याच मंडळींशीं माझें येथें पटत नाहीं. गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हां होती त्याहून अधिक सुबक करण्याची त्यांना हौस असते. फटी एकसारख्या, रंग पाण्यासारखा, सगळा मुलामा लखलखीत. त्यांच्या हाताच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, आणि तें कौशल्य माझ्यापाशीं त्या प्रमाणांत नाहीं हेंही उघड आहे. तरी खऱ्यापेक्षां सुंदर झालेली प्रतिकृति पाहिली कीं मला लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंची आठवण होते. वधू ओळखूं येते, पण विचारून खात्री करून घ्यावीशी वाटते.

प्रमाणाचा हा एवढा आग्रह आमच्या रक्तांतलाच आहे असें मात्र म्हणवत नाहीं. दिवाळींत आम्हीं मुलांनीं अंगणांत जे किल्ले केले त्यांत महाराजांची मूर्ति दरवाजापेक्षां उंच असे, एखादा मावळा बुरुजाला मान टेकवून उभा असे, आणि पायथ्याशीं अळिवाच्या रोपांचें जें शेत उगवलेलें असे तें त्या हिशेबानें घनदाट अरण्य होतें. कोणाला त्यांत कांहीं चुकल्यासारखें वाटलें नाहीं. जो मोठा तो मोठा दिसला पाहिजे, हें तेथलें माप. भातुकलीची गोष्ट वेगळी. माझ्या आजीच्या भातुकलींत पितळेचें एक जातें होतें. तें मुठींत मावे, आणि त्याचा खुंटा धरून फिरवलें तर खरोखर फिरे. चार तांदूळ घातले तर त्यांचें पीठ पडे कीं नाहीं हें आतां आठवत नाहीं. पण पाळ्या एकमेकींवर घांसल्याचा आवाज आठवतो. त्या जात्याच्या कारागिराला आंतली पाळी कोण पाहतें असें म्हणून ती वगळतां आली असती.

हें सांगण्याचें कारण मिनीच्या पायाखालचे पेडल. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, तीन ज्वारीच्या दाण्यांएवढे. त्यांना काळा रंग द्यायचा, आणि जेथें बुटांनीं घांसून लोखंड उघडें पडतें तेथें कोरड्या कुंचल्यानें चंदेरी छटा. छप्पर बसवल्यावर ते दिसत नाहींत. भिंगानें, विजेरीनें, कशानेंही नाहीं. मीं पाहिलें आहे. आमच्या घरांतून विचारणा झाली, "दिसायचे नाहींत तर रंगवतां कशाला?" प्रश्न रास्त होता. रंगवतांना ते मला दिसत होते, याहून चांगलें उत्तर मला अजून सुचलेलें नाहीं. कपाटांत आणखी सात पेट्या न उघडलेल्या आहेत, आणि एकीला तीन महिने हा हिशेब घरांत सर्वांना ठाऊक आहे. तेव्हां पेडलांवर खर्च झालेल्या संध्याकाळींचा जाब मला एकट्यालाच द्यायचा आहे.

छप्पर बसवलें म्हणजे मग बाहेरची सजावट. पाण्यांत भिजवून कागदावरून सरकवायचीं चित्रें असतात. शर्यतीचा आंकडा, पाट्या, नांवें त्यांतून अंगावर उतरतात. मोंटे कार्लोच्या हिवाळी शर्यतींत मिनी तीनदां पहिली आली: १९६४, १९६५ आणि १९६७. बहुतेक लोक या तिन्हींपैकीं एक गाडी करतात. मीं मधलें साल घेतलें. १९६६ सालीं क्रमांक २ ची मिनी टिमो मॅकिनेन यांनीं सर्वांच्या आधीं आणली. दुसरी आणि तिसरी आली त्याही मिनीच. नंतर तपासणी झाली. समोरच्या दिव्यांत एकच तंतु असलेले क्वार्ट्झ-आयोडिनचे बल्ब होते, आणि झोत खालीं करण्याची नियमांत सांगितलेली सोय त्या दिव्यांत नव्हती, असें ठरून या तिन्ही गाड्या निकालांतून काढून टाकल्या गेल्या. पहिला क्रमांक पाउली टोइव्होनेन यांच्या सित्रोएनला मिळाला. इंग्लंडांत त्यावरून केवढा गहजब झाला, आणि पुढल्याच वर्षीं राउनो आल्टोनेन मिनी घेऊन पुन्हां पहिले कसे आले, हें मोटारींच्या इतिहासांत पुष्कळ ठिकाणीं वाचायला मिळेल. नियम तो नियम असें म्हणणारे अजून आहेत, आणि अन्याय झाला असें म्हणणारेही. शेजारचे इंजिनीयर पहिल्या पक्षांत आहेत. मी दुसऱ्यांत, म्हणून तर ही गाडी.

पण दिव्यांपाशीं येऊन माझें काम थांबलें. खऱ्या गाडीचा दिवा सात इंचांचा. माझा साडेसात मिलिमीटरांच्या आंत. मागें मुलामा दिलेली वाटी, पुढें पारदर्शक चकती, एवढेंच पेटींत मिळतें. बल्ब नाहींच. ज्या तंतूवरून पहिला क्रमांक गेला, तो खऱ्या दिव्यांतही निरखून पाहावा लागतो. त्याला चोविसानें भागल्यावर हातांत काय राहणार? छपराची कमान, चार शिवणी, दारांचे बाहेरचे बिजागर, क्रमांकाचा दोन, सगळें मापांत बसलें, आणि वादाचें मूळ तेवढें मापाच्या पलीकडे गेलें. माझ्या गाडीकडे पाहून ती नियमाप्रमाणें आहे कीं नाहीं हें कोणताही परीक्षक सांगूं शकणार नाहीं.

विजेच्या तारेंतला तांब्याचा एकच केस काढून मीं वाटीपुढें धरून पाहिला. तो एक दशांश मिलिमीटरहून थोडा जाड होता. म्हणजे खऱ्या दिव्यांत तीन मिलिमीटर जाडीचा तंतु. त्या जाडीवर कंदील टांगतां येईल. शेजारच्या गृहस्थांनीं भिंगांतून तो पाहिला आणि मान हलवली.

"दोन बसवा," ते म्हणाले, "म्हणजे तुमची गाडी निर्दोष सुटेल."

मीं एकही बसवला नाहीं. चकत्या लावायला सुताराचा पांढरा गोंद घेतला, कारण झटकन् चिकटणाऱ्या द्रवाच्या वाफेनें पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होतें. टांचणीच्या टोंकानें वाटीच्या कांठावर गोंदाची बारीक रेघ फिरवली, चकती वर ठेवली, दाबली. गोंद लावतांना दुधासारखा दिसतो. रात्रीं दोन्ही दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे दिसत होते. सकाळीं गोंद वाळून स्वच्छ झाला होता, आणि चकत्यांमधून मागची रिकामी वाटी लख्ख दिसत होती. इंजिनीयर आज लवकर आले आहेत. आरसा, कांचेवरचीं पुसणीं आणि मागची पाटी एवढें अजून राहिलें आहे.